व्हई जाई? आधी गाडीखाली वाकून बघा!

आमच्या धुळे-जळगावकडे एक मंत्र आहे, "व्हई जाई". अहिराणी न येणाऱ्यांसाठी सांगतो: "होऊन जाईल रे, कशाला काळजी करतो!" लग्नात शंभर माणसं जास्त आली? व्हई जाई. परीक्षा उद्या नि पुस्तक आज उघडलंय? व्हई जाई. ह्या मंत्रावर खान्देशाचा निम्मा कारभार चालतो आणि बऱ्याचदा तो खराही ठरतो. पंगतीत वरणात पाणी वाढवता येतं. पण हाच मंत्र डिझेल इंजिनाच्या गंजलेल्या चेंबरसमोर म्हणणारे लोक दिसले की माझं डोकं फिरतं. आजचा वीकांत त्यांच्या नावे.

आधी चेंबर म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्यातल्या निम्म्या जणांनी गाडीचं बॉनेट फक्त वॉशरचं पाणी भरायला उघडलेलं असतं. इंजिनाच्या पोटाखाली बोल्टांनी आवळलेलं एक भांडं असतं. इंजिन ऑइल त्यात साठतं, पंप ते तिथून जाळीतून ओढतो आणि क्रँकच्या बेअरिंगपासून टर्बोपर्यंत सगळीकडे फिरवतो. पुस्तकात त्याला ऑइल पॅन किंवा संप म्हणतात. शिरपूरपासून रावेरपर्यंत कुठल्याही मिस्त्रीला विचारा, तो चेंबरच म्हणणार. काही गाड्यांत ते ॲल्युमिनियमचं ओतीव असतं, बऱ्याच जुन्या गाड्यांत दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचं. जाडी एक-दोन मिलिमीटर. रस्ता नि इंजिनाचं सगळं रक्त, ह्यांच्यामध्ये तेवढाच पडदा!

आता हा विषय आजच का? तर सध्या जुनी ट्रॅव्हलर किंवा मिनीबस घेऊन तिचं 'चाकावरचं घर' करायची टूम निघाली आहे. महाराष्ट्र सरकारनंही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कल्पना झकास आहे, माझा अजिबात विरोध नाही. पण ह्या घरांचे फोटो बघा. सागवानी पॅनेल, पिवळे दिवे, घडीचा पलंग, छोटा फ्रिज, छतावर सोलर. गाडीच्या खालून काढलेला एक तरी फोटो कधी पाहिलात? खाली बघायला पाठीवर झोपावं लागतं, कपडे काळे होतात, शिवाय त्याला लाइक मिळत नाहीत.

"अरे, पण खान्देशात कुठला गंज? गंज कोकणात!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पाठ झालंय. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पंचेचाळीस अंशांवर जातं, तिथे लोखंड कसं गंजेल, असा एकंदर तर्क. म्हणून मुद्दे मांडतो.

एक, सेकंडहँड गाडी जन्मभर खान्देशात राहिलेली नसते. मुंबई, वसई, सुरत अशा खाऱ्या हवेत दहा वर्षं काढून ती इथे येते. दोन, आपली काळी माती. पावसाळ्यात ती चाकांनी उडून चेंबरच्या कडेला, बोल्टांच्या डोक्यांभोवती लिंपली जाते आणि वरून कोरडी दिसली तरी आतून ओल धरून ठेवते. तीन, खत. केळीच्या पट्ट्यात पोटॅश नि युरियाच्या गोण्या वाहिलेल्या गाडीत खत सांडतं, पाण्याबरोबर खाली उतरतं. पोटॅश म्हणजे बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा चुलतभाऊ. लोखंडाशी दोघांचं वैर सारखंच. आणि चार, सगळ्यात महत्त्वाचं: उभी गाडी. चाकावरचं घर वर्षातून वीस दिवस फिरतं नि उरलेले दिवस गवतात उभं असतं. रोज धावणाऱ्या गाडीचं चेंबर तापून कोरडं तरी होतं, हिचं होत नाही. खडी लागून रंगाचा टवका उडाला की तिथून गंज सुरू. आतून ऑइलचा हात फिरलेला असतो म्हणून पत्रा आतून शाबूत राहतो, बाहेरून मात्र पापुद्र्या-पापुद्र्यानं जातो. ड्रेन नटच्या भोवती आणि कडेच्या पट्टीला आधी.

मग पुढे काय होतं? सुरुवातीला फक्त पाझर. धूळ चिकटून काळा ओलसर थर जमतो. मग एखाद्या दिवशी, गाडी ऐन धावत असताना, हादऱ्यानं पापुद्रा सुटतो आणि भोक मोकळं होतं. ऑइल उतरतं, पंप हवा ओढायला लागतो, बेअरिंग कोरडी पडतात, टर्बो असेल तर त्याचं आधी वाजतं, आणि इंजिन जाम. सपाटीवर हे झालं तर नुसता खर्च. उतारावर झालं तर? ह्या आकाराच्या गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्युम इंजिनावर चालणारा पंप देतो, मोठ्या बसमध्ये हवेचा कॉम्प्रेसर. पॉवर स्टिअरिंगही सहसा इंजिनाच्याच जिवावर. इंजिन बंद पडलं की साठलेल्या व्हॅक्युमवर दोन-तीनदा ब्रेक दाबता येतो. नंतर पाय दुखेपर्यंत दाबत बसा.

ज्यांना हे भयकथा वाटतंय त्यांनी आपल्याच जिल्ह्याची आठवण ठेवावी. ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ उतारावर कंटेनरचे ब्रेक गेल्याचं सांगितलं गेलं. किमान १० माणसं गेली. त्याचा चेंबरशी संबंध होता असं मी बिलकुल म्हणत नाहीये. उतारावर ब्रेक नसलेली जड गाडी काय करते, एवढंच सांगतोय. आणि घाट नसला तरी रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवरून मागचा मोटरसायकलवाला घसरतोच. तुमच्या सागवानी पॅनेलशी त्या बिचाऱ्याचा काय संबंध?

आता ह्या प्रकाराचा खरा चेहरा सांगतो. माझ्या ओळखीतल्या चौघांनी, सगळे आयटीतले, सगळे मूळचे इकडचे, बारा वर्षं जुनी गाडी घेतली. विकणाऱ्यानं खालून चकचकीत काळा रंग मारून दिला होता. आत साडेचार लाखांचं काम केलं. गाडी चालवायला एक ड्रायव्हर काका ठेवले, पन्नाशीचे, तीस वर्षं ट्रक चालवलेले. काकांनी दोनदा सांगितलं, "भाऊ, चेंबर ओलं दिसतंय, एकदा उतरवून घ्या." उत्तर काय मिळालं ते तुम्ही ओळखलं असेलच. वर गंमत म्हणजे लाकडी डॅशबोर्ड बसवताना ऑइल प्रेशरच्या लाल दिव्याची वायर निघाली होती, ती कोणी परत जोडलीच नव्हती. तोरणमाळला जाताना शहाद्याच्या पुढे, नशिबानं घाट लागायच्या आधी, इंजिन जाम झालं. रंगाखाली ड्रेन नटशेजारी बोट जाईल एवढं भोक. सकाळी निघताना काकांनी गेजची पट्टी काढून ऑइल बघितलेलं होतं, बरोबर होतं. तरी शेवटी ठपका कोणावर? "ड्रायव्हरनं लक्ष दिलं नाही." दहा हजार पगारातून कापले.

मंडळी, माझा सगळा राग इथे आहे. "व्हई जाई" म्हणणारा आणि त्याची किंमत मोजणारा, हे दोघं वेगळे असतात. जुगाडाचं कौतुक करताना आपण हेच विसरतो. पैसे वाचतात ते मालकाचे. फटका बसतो तो ड्रायव्हरला, मागच्या मोटरसायकलवाल्याला, किंवा ज्याला काळा रंग दाखवून गाडी विकली त्या पुढच्या गिऱ्हाइकाला. ह्याला काटकसर कसं म्हणायचं?

"एम-सील लावलंय, दगडासारखं झालंय." एम-सील पाण्याच्या पाइपला उत्तम. पण कुठलीही लुगदी चिकटायला पृष्ठभाग तेलमुक्त लागतो, आणि पाझरणारं चेंबर तेलमुक्त कसं करणार? त्यात ऑइल शंभर अंशांच्या आसपास तापतं, पत्रा रोज फुगतो-आकसतो, इंजिन हादरत असतं. शिवाय लुगदी ज्याला धरून बसते तो पत्राच गंजून कागद झालेला असतो.

"वेल्डिंग मारून घेऊ." गंजलेला पातळ पत्रा वेल्डिंगला टिकत नाही, एक भोक बुजवताना शेजारी दुसरं पडतं. कड वाकडी झाली की नवं पॅकिंगही गळतं. आणि चेंबर न उतरवता, तेलकट इंजिनाखाली ठिणग्या पाडणारे शूर लोक मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल काय बोलावं!

"चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" हे आपल्याच धंद्यातलं वाक्य. शुक्रवारी रात्री लावलेला हॉटफिक्स तीन वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालतो आणि मग एका रविवारी पहाटे अडीचला ऑन-कॉलवाल्या ज्युनिअरला उठवतो. ज्यानं लावला तो एव्हाना बंगलोरला दुसऱ्या कंपनीत. ओळखीचं वाटतंय ना? :-)

एक मात्र मान्य. रस्त्यात अडकलात, रात्र आहे, पोरंबाळं बरोबर आहेत, तर लावा लुगदी, वरचेवर ऑइल बघत सावकाश जवळचं गॅरेज गाठा. घरी पोचण्यापुरता लेप मला कबूल आहे. तोच लेप दिवाळीपर्यंत चालवणं कबूल नाही.

मग करायचं काय? फार अवघड नाही. पावसाळा संपला की गाडी पिटवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. माती धुऊन काढा. गंज वरवरचा असेल तर तारेच्या ब्रशनं खरवडा, रस्ट कन्व्हर्टर, प्रायमर, मग रंग. खरवडताना खाली ट्रे नि जवळ नवं ऑइल ठेवा, कारण कधीकधी गंजच बुचाचं काम करत असतो. पापुद्रे निघत असतील, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकल्यावर पत्रा दबत असेल किंवा पाझर असेल, तर विचार संपला. चेंबर बदला. काही गाड्यांत पुढचा ॲक्सल आड येतो, माउंटिंग सोडून इंजिन थोडं उचलावं लागतं, म्हणून मजुरी जास्त पडते. पडू दे. पॅकिंग नवं, ड्रेन नटचं वायसर नवं, आतली जाळी साफ. बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्यानं आवळायचे. जोर लावून पिळले की पट्टी वाकते. आणि तो लाल दिवा चावी फिरवल्यावर लागतो नि इंजिन सुरू झाल्यावर विझतो, हे बघा. हा सगळा खर्च हजारांत जातो. जाम झालेलं इंजिन बांधायचं म्हणजे सहज लाखाच्या घरात.

आणि जुनी गाडी घेताना खालून नवाकोरा काळा रंग दिसला तर खूश होऊ नका. बारा वर्षांच्या गाडीचं पोट चमकत असेल तर आधी नख लावून बघा.

असो. त्या चौघांनी इंजिन बांधून घेतलं, गाडी पुन्हा फिरते, फोटोही येतात. ड्रायव्हर काका आता धुळ्यात दुसऱ्याची गाडी चालवतात. त्यांचे दहा हजार अजून परत मिळालेले नाहीत. चौघंही हे वाचणार, मला माहीत आहे. दोस्तांनो, चौघांत वाटले तर माणशी अडीच हजार होतात. एका वीकांताचं बिल. कधी देताय? आणि कृपा करून "व्हई जाई" म्हणू नका.