काळ्याचं वकीलपत्र

भाईंदरच्या माणसाला मतं पुष्कळ असतात, पण एकही पुरतं मांडून होत नाही. मुद्दा मीरा रोडला सुरू होतो, अंधेरीला रंगतो आणि चर्चगेटला सगळे उतरून जातात. मी आता निवृत्त आहे. तेव्हा एक मत पुरतं मांडून घेतो.

भाचा डब्लिनहून येताना गिनेसचे चार कॅन घेऊन आला. स्टाउट म्हणतात त्या जातीची ही बिअर. रंग कोळशाचा, वर सायीसारखा फेस. (परवाना आहे माझ्याकडे, आजीवन. तो १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मिळतो, हा विनोद माझा नव्हे.) लोकलमधले दोन जुने मित्र ‘जरा चव बघायला’ म्हणून आले. पहिला प्रश्न चवीचा नव्हताच. "किती टक्के?"

"चार पूर्णांक दोन," मी म्हणालो.

स्थळ पाहायला आलेल्यांना मुलाचा पगार कळावा, तसे दोघांचे चेहरे पडले. "एवढी काळी, आणि जोर नाही?"

इथेच माझं भांडण आहे. आमच्या गावचं बिअरविषयीचं सगळं ज्ञान ‘स्ट्राँग’ या एका शब्दात मावतं. दुकानात कोणी ‘कशी लागते?’ विचारत नाही, ‘स्ट्राँग थंड आहे का?’ एवढंच विचारतात. ती सोनेरी दिसणारी बाटली आठ टक्क्यांपर्यंत जाते, आणि इतकी गारठलेली असते की जिभेला काही कळूच नये. कळलं तर पंचाईत! एका रुपयात किती टक्के, हा हिशेब ज्याला करायचाय त्याने खुशाल करावा, पण त्याला आवडनिवड म्हणू नये. काळेपणाचा आणि जोराचा संबंध नाही. काळेपणा येतो तो कॉफीच्या बियांसारख्या भाजलेल्या जवाने. नशा ठरते ती यीस्टने किती साखर खाल्ली त्यावर. आणि ग्लास उजेडात धरा, काळा कुठला, गडद लाल दिसतो!

मग एकाने घोट घेतला. "अरे, हे करपलंय!" म्हणाला, आणि वर बर्फ मागितला.

करपलंय? हे कोण बोलतंय? ज्याच्या घरी कांदा-खोबरं काळपट होईस्तोवर भाजल्याशिवाय वाटण होत नाही, ज्याला काळ्या मसाल्याविना आमटी पांचट लागते, जो पाडव्याला कडुनिंब चावतो आणि एरवी कारल्याच्या काचऱ्या मागून मागून खातो, तो! खरपूस आणि करपट यांतला फरक आपल्या जिभेला जन्मापासून ठाऊक आहे. हातात बाटली आली की तेवढ्यापुरती ती रजेवर जाते.

आणि धीर? कॅनमध्ये एक प्लास्टिकची गोळी असते. कॅन फोडला की ती आतला नायट्रोजन सोडते, आणि ग्लासात बारीक बुडबुड्यांचं वादळ उठतं. कडेचे बुडबुडे चक्क खाली जाताना दिसतात. ते शांत होऊन साय वर येईपर्यंत थांबायचं. डब्लिनच्या पबांत ग्लास दोन टप्प्यांत भरतात आणि कंपनी त्याला ११९.५ सेकंद सांगते. आमच्या मित्राने विसाव्या सेकंदाला तोंड लावलं. बत्तीस वर्षं फलाटावर गाडीची वाट पाहिलेल्या माणसाला ग्लाससमोर दोन मिनिटं धरवत नाहीत! ऑर्थर गिनेसने १७५९ साली कारखान्याची जागा वर्षाला ४५ पौंडांनी ९,००० वर्षांच्या करारावर घेतली. आपण अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर जगणारी माणसं, त्याची बिअर आपल्याला घाईची वाटणारच.

मंडळी गेल्यावर ग्लास विसळायला घेताना सौ.ने एक हुंगला. तिने आयुष्यात थेंब घेतलेला नाही. "अहो, खोबरं भाजल्यासारखा वास येतोय," ती म्हणाली. जरा थांबून पुन्हा, "याच्याबरोबर कालवं चांगली लागतील." तिचं माहेर उत्तनकडचं. आयर्लंड-इंग्लंडात स्टाउट आणि कालवं ही जुनी जोडी आहे, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

एक कॅन उरलाय. रविवारी कालवं आणणार आहे. मित्रांचा फोन आला होता, येताना काही स्ट्राँग आणू का म्हणून.

लसणाची चटणी आणा म्हटलं.