रेकॉर्डवरची माणसं

चाकणचा रस्ता जिथं नगर रस्त्याला मिळतो, त्या आमच्या शिक्रापूरच्या चौकात सकाळी सहाला उभं राहावं. कंपन्यांच्या बस सणसवाडी, रांजणगावकडे पळत असतात. आत लातूर-परभणीपासून बिहारपर्यंतची पोरं डुलक्या घेत असतात. खोलीमालकाच्या लेखी त्यातला एक ‘बीडवाला’, दुसरा ‘तो उंच पोरगा’. पूर्ण नाव आधारकार्डाच्या झेरॉक्सवर असतं आणि ती झेरॉक्स कुठं ठेवली, ते मालकालाही आठवत नाही.

असा एखादा रस्त्याकडेला मृत सापडला आणि खिशात काहीच मिळालं नाही, की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. मग कागद लागतो: अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस ते पस्तीस, उजव्या हातावर गोंदण. तिकडं गावाकडच्या ठाण्यात त्याच माणसाची ‘मिसिंग’ दाखल असते. कागद दोन, माणूस एकच, पण त्यांची गाठ पडत नाही.

देशाला डीएनएचा साठा हवा असं मला वाटतं, ते आधी या दोन कागदांसाठी. 2019 साली लोकसभेत आलेल्या डीएनए विधेयकात पाच याद्या होत्या: घटनास्थळावरचे नमुने, संशयित व कच्चे कैदी, गुन्हेगार, बेपत्ता आणि अनोळखी मृत. संसदीय समितीनं 2021 मध्ये अहवाल दिला आणि जुलै 2023 मध्ये सरकारनं विधेयकच मागं घेतलं. बहुतेक तरतुदी 2022 च्या फौजदारी ओळख कायद्यात आल्या आहेत, असं सांगण्यात आलं. त्या कायद्यानं आरोपींचे आणि शिक्षा झालेल्यांचे जैविक नमुने घेता येतात, नोंद 75 वर्षं ठेवता येते. शेवटच्या दोन याद्या मात्र मागंच राहिल्या. गुन्हेगार शोधायची सोय झाली, हरवलेला माणूस शोधायची राहिली.

बरं, नोंद असली की गुन्हेगार सापडतोच का? 5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या सहा जणांना निर्दोष सोडलं. 2003 मधल्या दरोडा, बलात्कार आणि खुनांच्या त्या खटल्यात 2009 मध्ये याच न्यायालयानं सहाही जणांना फाशी ठोठावली होती. हल्ल्यातून वाचलेल्या बाईनं पोलिसांकडच्या फोटोंमधून दुसरेच चार जण ओळखले होते. तपास त्यांच्याकडं वळलाच नाही. सोळा वर्षं गेल्यावर सहा जणांना प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाईचा आदेश झाला. रेकॉर्ड होतं, ते बघितलंही होतं. त्यावर विश्वास ठेवायची कुणाची तयारी नव्हती.

गुन्हेगार जमातींचा 1871 पासून चालत आलेला कायदा 1952 मध्ये रद्द झाला. तरी चोरी झाली की पहिली गाडी पारधी वस्तीवर जाते, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. ज्यांना उठता-बसता उचलतात, त्यांचेच नमुने साठ्यात आधी जाणार.

आणि नमुना तरी त्याच माणसाचा कशावरून? आमच्याच नगर रस्त्याच्या पुण्याकडच्या टोकाला, कल्याणीनगरला, 19 मे 2024 च्या पहाटे पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले. अल्पवयीन चालकाचं रक्त ससून रुग्णालयात बदलल्याचा आरोप झाला, दोन डॉक्टरांना अटक झाली. बाटलीतलं रक्त त्या मुलाचं नव्हे, हे उघड झालं डीएनए चाचणीमुळंच, कारण पोलिसांनी दुसऱ्या रुग्णालयातही नमुना घेऊन ठेवला होता. तो दुसरा नमुना नसता तर? बाटलीवर नाव लिहिणारा हात शेवटी माणसाचाच. तिथं चूक झाली, की ती 75 वर्षं जपली जाणार.

म्हणून मागणी दोनच. बेपत्ता आणि अनोळखी मृतांसाठी वेगळा, छोटा कायदा आधी करा आणि नातेवाइकांनी स्वखुशीनं दिलेला नमुना गुन्ह्याच्या तपासाला वापरणार नाही, हे त्यातच लिहा. शिवाय निर्दोष सुटलेल्याला त्याची नोंद पुसल्याचा लेखी दाखला, त्यानं न मागता, घरपोच द्या.

कायदा व्हायचा तेव्हा होईल. तोवर एवढं करा: खोली भाड्यानं देताना पोराच्या आधारकार्डाच्या झेरॉक्सवर त्याच्या आईचा किंवा भावाचा फोन नंबर लिहून घ्या, आणि ती झेरॉक्स जपून ठेवा.