गुण मोजले, अंतर कोण मोजणार?

चंदीगडच्या सेक्टर ३४ मध्ये जिकडे तिकडे कोचिंग क्लासच्या पाट्या. तिथली फी भरणारा मुलगा आणि मलोयाच्या पुनर्वसन वस्तीतली, घरकाम उरकून अभ्यासाला बसणारी मुलगी एकच परीक्षा देतात. निकालाला आपण ‘मेरिट’ म्हणतो.

जेएनयूमध्ये मागास जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांना आणि मुलींना वंचितता गुण मिळत. कोण कुठून निघाले, हेही मोजले जाई. २०१७ मध्ये एमफिल-पीएचडी प्रवेशांतून ते काढले गेले. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेशही सीयूईटीच्या गुणांवर आले.

आरक्षण दार उघडते. पण राखीव जागांची यादीही गुणांनीच लागते. तिथेही क्लास न परवडणारी मुलगी मागे पडते. म्हणून वंचितता गुण प्रत्येक विद्यापीठात हवेत: आरक्षणाऐवजी नव्हे, आरक्षणासोबत.