'सिन्स' की 'फॉर'?



मागच्या आठवड्यात मी पाचवीच्या वर्गाला 'माय मदर' या विषयावर पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. एका मुलीने लिहिलं, 'माय मदर इज नॉट अ‍ॅट होम सिन्स फोर मंथ्स.' मी लाल पेन उचललं आणि थांबले. तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेत. आमच्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली, की कोयते घेऊन गावंच्या गावं कारखान्यांच्या वाटेला लागतात. काही लेकरं मागे आजीजवळ राहतात. म्हणजे वाक्य खरं होतं, फक्त इंग्रजी चुकलं होतं. आणि चूक तरी तिची कुठे? ती आपल्या 'पासून'ची!

कसं ते बघा. आपण 'दसऱ्यापासून' म्हणतो आणि 'चार महिन्यांपासून'सुद्धा म्हणतो. दोन्हीकडे एकच 'पासून'. इंग्रजीत मात्र दोन वेगळे शब्द आहेत. सुरुवात कधी झाली ते सांगायचं, तर 'सिन्स': सिन्स मंडे, सिन्स दसरा. किती काळ गेला ते सांगायचं, तर 'फॉर': फॉर टू अवर्स, फॉर फोर मंथ्स. ('सिन्स'चा 'कारण' असाही एक अर्थ आहे, पण तो पुन्हा कधीतरी.)

दुसरी गोष्ट क्रियापदाची. मागे सुरू झालेलं अजून चालूच असेल, तर इथे 'इज' चालत नाही, 'हॅज बीन' लागतं. पालकांनो, हसू नका. 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' असं मीही डी.एड.ला असताना ऐटीत म्हणायचे!

आता आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, तेव्हापासून बीड महाराष्ट्रात आहे. 'बीड हॅज बीन इन महाराष्ट्र सिन्स नाइन्टीन सिक्स्टी.' त्याआधी, १ नोव्हेंबर १९५६ पासून, ते मुंबई राज्यात होतं. ती साडेतीन वर्षं कधीच संपली. म्हणून तिथे 'हॅज बीन' नाही, साधं 'वॉज': 'बीड वॉज इन बॉम्बे स्टेट फॉर थ्री अँड अ हाफ इयर्स.' पाहिलंत? संपलेल्या काळालाही 'फॉर' चालतो. 'सिन्स' तिथे बसत नाही.

मग त्या मुलीला जवळ बोलावलं. विचारलं, "आई कधी गेली गं?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, बाई. पहाटं."

दोघींनी मिळून दोन वाक्यं लिहिली. 'माय मदर हॅज बीन अवे सिन्स दसरा.' 'माय मदर हॅज बीन अवे फॉर फोर मंथ्स.' वही मिटता मिटता तिने विचारलं, "बाई, आई आल्यावर काय लिहायचं?"

मी फळ्यावर लिहिलं, 'माय मदर वॉज अवे फॉर... मंथ्स.' मधली जागा कोरी ठेवली. कारखान्याचा पट्टा पडला, की ती आकडा भरणार आहे.