डोळा चोळणारा हात

अरबी लिपीत बा, ता आणि था या अक्षरांचा सांगाडा एकच. खाली एक ठिपका दिला की बा, वर दोन दिले की ता, तीन दिले की था. रियाधला आल्यावर दुकानांच्या पाट्या वाचत मी ही अक्षरं हौसेने शिकले. पुढे डाव्या डोळ्याला ती ओळखता येईनात. एका ठिपक्याचे तीन-चार दिसायचे आणि प्रत्येकाला धूसर शेपूट. चष्म्याचा नंबर सारखा बदलत राहिला, पण शेपट्या हटेनात. अखेर कॉर्नियाची टोपोग्राफी केली. त्या रंगीत नकाशात बुबुळाच्या खालच्या भागावर लालभडक डाग उमटला आणि आजाराचं नाव कळलं: केराटोकोनस.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. या आजारात तो आणखी पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. पृष्ठभाग असा उंचसखल झाला की प्रकाश नीट एकवटत नाही, आणि तिथे चष्म्याचं फारसं काही चालत नाही. कडक लेन्सचं मात्र चालतं. लेन्स आणि कॉर्निया यांच्यामधली जागा अश्रू भरून काढतात आणि प्रकाशाला समोर एक गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. पॅरिसचे डॉक्टर युजीन काल्ट यांनी १८८८ मध्येच केराटोकोनसच्या डोळ्यांवर काचेची लेन्स बसवून पाहिली होती. आजच्या लेन्स प्राणवायू आरपार जाऊ देणाऱ्या प्लास्टिकच्या असतात, पण तत्त्व तेच.

मला आधी आरजीपी, म्हणजे प्राणवायू आरपार जाऊ देणारी कडक लेन्स दिली. ती लहान असते आणि अश्रूंवर तरंगते. पापणी मिटली की तिची कड टोचते, डोळ्यांतून धारा लागतात, उजेड नकोसा होतो. आज थोडा वेळ, उद्या त्याहून जरा जास्त, असं करत पापणीला तिची सवय होते. पण रियाधमध्ये मार्च ते मे हे धुळीच्या वादळांचे दिवस. लेन्सखाली वाळूचा एक कण शिरला, तर गाडी बाजूला घेऊन लेन्स काढण्यावाचून गत्यंतर नसतं.

म्हणून मग स्क्लेरल लेन्स आली. ही मोठी असते. कॉर्नियाला स्पर्श न करता ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, त्यामुळे टोचत नाही आणि धुळीलाही सहजी आत शिरू देत नाही. ती बसवणं मात्र शिकावं लागतं. लेन्स सलाइनने काठोकाठ भरायची, टेबलावर आडव्या ठेवलेल्या आरशावर मान पूर्ण वाकवायची, एका हाताने दोन्ही पापण्या ताणायच्या आणि थेंबही न सांडता लेन्स वर आणायची. आत हवेचा बुडबुडा राहिला की पुन्हा पहिल्यापासून. काढताना रबरी प्लंजर मधोमध न लावता कडेशी लावायचा. लेन्सला नळाचं पाणी अजिबात लागू द्यायचं नाही, कारण त्यातल्या अकँथामीबासारख्या चिवट सूक्ष्मजीवामुळे दृष्टी जाऊ शकते. सुरुवातीला रडकुंडीला येणाऱ्यांना मी मनापासून सांगते, धीर धरा, हात बसतो.

पण लेन्स दृष्टी देते, आजार थांबवत नाही. त्यासाठी आधी डोळा चोळणारा हात थांबवावा लागतो. धूळ, एसीची कोरडी हवा आणि अ‍ॅलर्जी यांनी डोळे खाजतात, आपण ते चोळतो आणि आधीच नाजूक असलेला कॉर्निया आणखी दुबळा होतो. रियाधमध्ये डोळ्यांखेरीज इतर कारणांसाठी रुग्णालयात आलेल्या ५२२ मुला-तरुणांची तपासणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४.७९ टक्के, म्हणजे साधारण २१ जणांत एकाला केराटोकोनस आढळला. आपल्याकडेही नागपूर जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात तिशीपुढच्या लोकांची पाहणी झाली होती. २००९ च्या त्या अहवालात हे प्रमाण २.३ टक्के निघालं. दोन्हीकडचे निकष वेगळे, त्यामुळे थेट तुलना करता येत नाही. पण हा आजार क्वचितच होतो, असं म्हणून निश्चिंत राहता येणार नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

वेळीच निदान झालं तर उपाय आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये विकसित झालेल्या क्रॉस-लिंकिंगमध्ये डोळ्यात रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून अतिनील किरण देतात. त्याने कॉर्नियाचे तंतू घट्ट होतात आणि बहुतेकांचा आजार पुढे सरकायचा थांबतो. पण गेलेला आकार पूर्ववत होत नाही, म्हणून तो उपचार लवकर होण्याला महत्त्व.

मूल डोळे चोळू लागलं की आपण झोप आली असं समजतो. ते सारखंच चोळत असेल, सिलिंड्रिकल नंबर वारंवार बदलत असेल किंवा घरात कोणाला हा आजार असेल, तर नुसत्या नंबर तपासणीवर थांबू नका, टोपोग्राफीचा आग्रह धरा. खाज सुटली तर थंड पाण्याची पट्टी ठेवा आणि डॉक्टरांकडून अ‍ॅलर्जीचे थेंब घ्या. आखातातली आपली कुटुंबं जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत गावी येतात, तेव्हा दाताच्या डॉक्टरपासून देवदर्शनापर्यंत कामांची यादी तयार असते. मुलांच्या कॉर्नियाची तपासणी त्या यादीत सगळ्यात वर लिहा.