घरची गाडी विकावी का?

भोर-वेल्ह्याकडची पुष्कळ मुले शिरवळच्या कारखान्यांत कामाला जातात. एखाद्याला कंपनीची गाडी मिळाली की घरात विषय निघतोच, आता आपली जुनी कशाला? पण मुलगा कामावर गेला की ती गाडीही जाते, आणि नोकरी सुटली तर कायमची. ऐन आवणीच्या पावसात म्हातारीला भोरच्या दवाखान्यात न्यायचे झाले, तर चालवणार कोण? सून किंवा धाकटा चालवत असेल तर बेलाशक ठेवा. कोणीच नसेल तर विका. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात, विम्याचे पैसे मात्र दरसाल भरावेच लागतात. १५ वर्षे होत आली असतील तर नोंदणी पुन्हा करण्याचा खर्चही धरा. शिवाय कंपनीच्या गाडीत भाताची पोती घालू देतात का, तेही मुलाला विचारून घ्या.