विक्री खुली नको, उपचार खुले हवेत

‘अमली पदार्थांची विक्री कायदेशीर करा, महसूल वाढेल’ हे एका पत्रलेखकाचे गणित अपुरे आहे. दारू कायदेशीर आहे, तिजोरीत उत्पादन शुल्कही येते. पण यकृताचे आजार, अपघात आणि घरातली मारहाण यांचा खर्च त्या हिशेबात धरला जात नाही. त्यांनी दिलेला पोर्तुगालचा दाखलाही नीट तपासायला हवा. तिथे २००१ मध्ये विक्री खुली झाली नाही. स्वतःपुरता, दहा दिवसांचा साठा बाळगणे तेवढे फौजदारी गुन्ह्यातून वगळले. असा माणूस न्यायालयाऐवजी समितीपुढे जातो. विक्री करणारा गुन्हेगारच राहतो.

धाक सैल झाला की व्यसन वाढेल, ही शंका रास्त आहे. पण आपला १९८५ चा अमली पदार्थविषयक एनडीपीएस कायदाही नुसत्या धाकावर उभा नाही. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत, चरस १०० ग्रॅमपर्यंत ‘अल्प’ मानले जाते आणि एवढ्यासह सापडलेला व्यसनी स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर कलम ६४अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. मात्र सरकारी रुग्णालयात खाटच नसेल, तर हे कलम कागदावरच राहणार. तेव्हा पुडी ओढणाऱ्या पोराला कोठडीत डांबण्यापेक्षा त्याच्यासाठी खाट वाढवा आणि पोलिसांना माल बनवणाऱ्याच्या मागे लावा.

– एक वाचक, पुणे